अकरा नंबरची तबकडी

“अर्पिता, वारा वाढलाय गं, मला लवकर उताणी करून ठेव,” रेडिओ दुर्बिणीची अकरा नंबरची तबकडी लाडात म्हणाली, आणि खाली ग्रीस भरणाऱ्या मालनताई औटींच्या अंगाचा तिळपापड झाला. तबकड्यांमध्ये बोलतं यंत्र बसवलं, तेव्हा हिला पहिला शब्द शिकवला तो मालनताईंनी. बावीस वर्षं हिचं बेअरिंग न् बेअरिंग त्यांनीच जपलं. आणि आता दोन महिन्यांपूर्वी आलेली इंजिनिअर पोरगी हिची लाडकी!

दुसऱ्या दिवशी अर्पिताचं पहिलंच निरीक्षण होतं. आवारात मोबाइल आणायला सक्त मनाई. तो फाटकावर जमा करायचा. मालनताईंनी मात्र तो कमरेला खोचून आणला आणि अकरा नंबरखाली तासभर चालू ठेवला. ताऱ्यांची कुजबुज ऐकणाऱ्या कानाशी ताशा बडवावा, तसंच ते. होऊ दे बयेची फजिती!

संध्याकाळी अर्पिता नाचतच आली. “ताई, निरीक्षण एकदम स्वच्छ!”

ती गेल्यावर मालनताईंनी तबकडीला दटावलं, “बहिरी झालीस का गं?”

“ऐकलं ना. तुमचाच फोन होता. सगळी खरखर वजा केली.”

“मग नोंदीत माझं नाव?”

“घालणार होते. अर्पिता म्हणाली, राहू दे, ताईंना बोलणी बसतील.”

चोरी पकडली गेली, नोकरी वाचली, याचं मालनताईंना काहीच वाटलं नाही. हिनं ते आधी अर्पिताला सांगितलं, तेवढं मात्र काळजाला लागलं.