अर्धा मीटर

"साडेनव्व्याण्णव," असं म्हणून अग्निशमन दलाचे साहेब टेप गुंडाळायला लागले.

मैदानाच्या कडेच्या भिंतीपाशी उकिडवी बसलेली आतषबाजीवाली हलली नाही. हा आकडा तिला तोंडपाठ होता. गेल्या वर्षी साडेनव्व्याण्णव, त्याच्या आदल्या वर्षीही साडेनव्व्याण्णव. नियम म्हणतो, बार उडवायच्या ओट्यापासून सगळ्यात जवळच्या भिंतीपर्यंत पुरते शंभर मीटर हवेत. ओटा नगरपालिकेनंच बांधलेला, पक्का सिमेंटचा, आणि बार उडवायचे ते त्याच्यावरूनच, हाही नियमच. म्हणजे ओटा हलणार नाही, भिंत हलणार नाही आणि साहेब तर त्या दोघांपेक्षा घट्ट.

तिच्या जिवाला खरा घोर होता तो तिसऱ्या नियमाचा. सलग तीन वर्षं एकही कार्यक्रम झाला नाही, तर परवाना कायमचा रद्द. दोन वर्षं गेली होती आणि तिसरं सरत आलं होतं. उद्या संध्याकाळी नव्या पुलाचं उद्घाटन. तेवढा कार्यक्रम हातचा गेला की कारखान्याला कुलूप.

"साहेब, टेप चुकतेय," ती म्हणाली.

"टेप कशी चुकेल, बाई? टेप आहे ती."

तिनं वायरचं बंडल पुढं केलं. "हे शंभर मीटरचं. सीलबंद होतं, सकाळी तुमच्याच शिपायासमोर फोडलं. ओट्यापासून सोडलं तर भिंत अजून चार हात लांब राहते."

"नियमात टेप लिहिलीय. वायर लिहिलेली नाही."

टेपचं दुसरं टोक धरायला आलेली तिची नणंद हात झटकत म्हणाली, "चला वहिनी. अजून थोडं डोकं आपटलंत तर ती भिंतच जवळ सरकेल."

पण वहिनीचं लक्ष मैदानाच्या पलीकडं गेलं होतं. तिथं शाळेचे शिट्टीमास्तर धावपट्टीच्या पुसट झालेल्या रेषांवर चुना ओढत होते. गळ्यातली शिट्टी ते झोपतानाही काढत नसावेत.

"मास्तर, तुमची ही पट्टी किती मीटरची?"

"शंभर," मास्तर मान वर न करता म्हणाले. "क्रीडा खात्यानं यंत्रावर मोजून दिलीय. दाखला ऑफिसात लावलाय."

ती उठली. गुडघे कुरकुरले, पण ती उठली. "साहेब, टेप तुमची, हात तुमचे. एकदा इथं लावून दाखवा. मग मी गपगुमान घरी जाते."

एवढं मागणं नाकारायला साहेबांकडं नियम नव्हता. तीस मीटरची टेप तीनदा लागली, चौथ्यांदा थोडीशीच उलगडली. साहेब वाकून आकडा बघत राहिले. मग म्हणाले, "साडेसत्त्याण्णव."

मास्तरांच्या हातातून चुन्याचा डबा निसटला. "म्हणजे माझी पोरं सहा वर्षं अडीच मीटर कमी पळतायत? राज्यात पहिली आलेली मुलगी आहे या पट्टीवरची. तिला बोलावू का, साहेब? तिला तुम्हीच सांगा."

आतषबाजीवालीनं टेप बोटांत घेऊन चाचपली. जन्म वाती कापण्यात गेलेला. ताणलेला धागा आणि सैल धागा तिच्या बोटांना डोळे मिटून कळायचा.

"कापडी आहे. भिजली की वाळवता कुठं?"

"पाइपांबरोबर. मनोऱ्यावर."

आगीवरून आलेले ओले पाइप अग्निशमनवाले उंच मनोऱ्यावरून खाली सोडून वाळवतात. सरळ लोंबावेत म्हणून खालच्या टोकाला वजन बांधतात.

"हिलाही वजन बांधता?"

"चुण्या पडायला नकोत म्हणून," साहेब म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उतरला. टापटिपीचा माणूस, दर पावसाळ्यात टेप स्वतःच्या हातानं टांगलेली, आणि दर खेपेला ती थोडी ताणत गेलेली; टेप लांबली की आकडा कमीच येणार. नणंदेनं हसू दाबायला तोंड फिरवलं.

पण साहेब नियमाचे होते, आणि नियम आता बाईच्या बाजूला होता. त्यांनी शिपायाला पिटाळून नगरपालिकेच्या इंजिनियरांच्या खोलीतली पोलादी टेप मागवली. एकदा मोजलं, दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मास्तरांना टोक धरायला लावून मोजलं. एकशे दोन. तिन्ही वेळा एकशे दोन. तिचा जीव भांड्यात पडला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं पोटभर श्वास घेतला.

साहेब अर्जावर वाकले, पण पेन टेकेना. "या टेपनं मी आजवर किती जणांना नाही म्हटलं असेल..."

"ते नंतर मोजा, साहेब. आधी सही."

सही झाली. शिक्का बसला. मग नियमातलं शेवटचं कलम: अर्जदारानं अधिकाऱ्यासमोर, दिवसाउजेडी, एक बार स्वतः उडवून दाखवावा. दुपारचे चार वाजले होते आणि ऊन नुसतं रणरणत होतं. तिनं ओट्यावरच्या नळीत गोळा सोडला, वात पेटवली आणि ठरल्या पावलांनी, न पळता, साहेबांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

धाड. शाळेच्या खिडक्या थरथरल्या. वर आभाळात धुराचा एक पांढरा पुंजका उरला.

"काही दिसलं नाही," साहेब डोळ्यांवर हात धरून म्हणाले.

तिचा चेहरा आभाळाकडं होता आणि डोळे भरून वाहत होते. ते पुसायचंही तिला भान नव्हतं. "आधी लाल झाला. मग हिरवा. आता सोनेरी सांडतोय, साहेब. सबंध मैदानभर."

नणंद वर बघायला लागली. मास्तरही. थोड्या वेळानं साहेबांनी टोपी काढली आणि भर उन्हात मान वर करून विचारलं, "संपला का?"

"थांबा," ती म्हणाली, "अजून खाली यायचाय."