चारच्या आत

तीन वाजून एकावन्न मिनिटं झाली तरी रॉइसचा पत्ता नव्हता, आणि नेड्राचे पाय एका जागी ठरत नव्हते. हेल्मेट घालायची, काढायची. सायकलचे ब्रेक दाबून बघायची, पुन्हा दाबायची. तळ्याकाठच्या पाइनच्या झाडीतून कोणी बाहेर पडलं की लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा बडवायचे, ती टाचा उंचावून बघायची, आणि तो दुसराच कोणीतरी निघायचा.

"कुठे पेंड खातंय तुझं घोडं?" वेळ टिपणारी वांडा टेबलामागून म्हणाली. "खारवलेल्या काकड्या संपल्यात, पण बरणीत त्यांचं खारं पाणी आहे. पी. नाहीतर पायात गोळे येतील."

"डोक्यात आलेत," नेड्रा म्हणाली. बरणी मात्र तिने तोंडाला लावली.

शर्यत सकाळी दहा ते चार. दोघांची जोडी. एकाने नऊ मैलांची फेरी मारून यायचं आणि रेषेवर आपल्या घोट्याची वेळ नोंदवणारी पट्टी सोडून दुसऱ्याच्या घोट्याला बांधायची. चारच्या आत रेषेवर पोचलात तर आणखी एक फेरी मिळते. चारनंतर पोचलात तर झाली तीच शेवटची. तिचा नवरा रॉइस सातव्या फेरीवर होता. आठवी नेड्राची होती.

ती तिला हवीच होती. जिंकण्यासाठी नव्हे, जिंकणाऱ्याला मिळणारे कॉफीचे मग घरी अकरा पडले होते. धरणाखालच्या उतारावर गुडघ्याहून उंच एक दगड आहे, त्यावरून सायकल खाली टाकावी लागते. मागच्या वर्षी शेवटच्याच फेरीत ती तिथे पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आज तीन फेऱ्यांत तीनदा ती त्या दगडाशी आली आणि तिन्ही वेळा सायकल हातात धरून, कोणी बघत नाही ना असं बघत, पायी गेली. एकसष्टाव्या वर्षी चोरी करताना पकडल्यासारखं वाटलं तिला. तिसऱ्या वेळी रॉइसच्या घोट्याला पट्टी बांधताना ती खालूनच म्हणाली होती, "आता पायी नाही जायची मी. सायकलवरूनच."

तो नुसता निघून गेला होता.

तीन त्रेपन्नला टॉलिव्हर आला. त्याची आणि त्याच्या बायकोची जोडी नेड्रा-रॉइसच्या बरोबरीने होती. बायकोला पट्टी बांधून पिटाळलं आणि मग त्याचं नेड्राकडे लक्ष गेलं.

"अहो, रॉइस तिकडे होडीघराच्या मागे थांबलाय. मी ओरडलो, काय म्हातारबा, पंक्चर का? तर म्हणे, नाही, पळ तू."

होडीघर दीडशे पावलांवर होतं. नेड्रा सायकल टाकून तशीच निघाली. पेडलमध्ये अडकणाऱ्या बुटांचे लोखंडी तळ खडीवर खटखट वाजत होते.

रॉइस एक पाय पाइनच्या मुळावर टेकवून सायकलवरच बसला होता. चाकं धड, साखळी धड. डोळे मनगटावरच्या घड्याळावर. धापसुद्धा लागलेली नव्हती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"अठ्ठेचाळीसपासून."

हेल्मेट फेकून मारावं इतका संताप आला तिला. "चार वाजायची वाट बघतोयस?"

"हो."

"लाज नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून तर मागे लपलोय." मग त्याचा आवाज बदलला. "नेड, मागच्या वर्षी सव्वा तास त्या रेषेवर उभा होतो मी. येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होतो. माझ्याच्याने पुन्हा नाही होणार."

नेड्राचा राग कुठे गेला कुणास ठाऊक. बायकोवर जीव आहे म्हणून कोणी चोरासारखं लपावं, याचं तिला हसूही आलं आणि रडूही. तिने त्याच्या गुडघ्यावरचा चिखल अंगठ्याने खरवडला.

"तू सव्वा तास उभा होतास," ती म्हणाली. "मी अजून त्या दगडाखालीच पडलेय रे. वर्ष झालं."

पट्टी रेषेशिवाय दुसरीकडे सोडता येत नाही, आणि रेषेपर्यंत त्याला ओढत नेता येत नव्हतं. ती वळली आणि चालू लागली. मागे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि ते तिला फार जड गेलं.

एकोणसाठला ती सायकलवर चढून रेषेवर उभी राहिली. वांडा घड्याळाकडे बघत होती, तिच्याकडे बघत नव्हती. मग घंटा वाजल्या.

रॉइस रेषेवर आला. "पंधरा सेकंद बाकी!" वांडा किंचाळली. तो उतरून गुडघ्यावर बसला, आपली पट्टी सोडली, नेड्राच्या घोट्याभोवती गुंडाळली. पट्टी दोनदा निसटली.

"घट्ट बांध," ती वरून म्हणाली.

त्याने घट्ट बांधली. ती गेली.

झाडीत तिची पाठ दिसेनाशी झाली तरी तो तिथेच उभा होता. वांडाने आपली खुर्ची पुढे सरकवली. "तास तरी लागेल तिला. बस की."

"नको." त्याने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि तिच्या टेबलावर पालथं ठेवलं. "एवढं सांभाळ. मी उभाच बरा."