झिजलेलं बटण

"गेममधल्या चेटकिणीवर बंदी घालायची का? हात वर करा," दादाने विचारलं आणि सगळ्यांआधी स्वतःचाच हात वर केला. गेमिंग कॅफेतल्या पोरांचे हात पाठोपाठ वर गेले. कालच्या स्पर्धेत याच चेटकिणीला घेऊन मी एकेकाला लोळवलं होतं, दादालासुद्धा. "तिचा आगीचा वार अडवताच येत नाही," तो समजावायला लागला. "त्यात कसलं आलंय कौशल्य? नुसतं बटण दाबत बसायचं!" माझं डोकंच सणकलं. हाच माणूस चेटकिणीच्या जिवावर दरवर्षी करंडक घरी आणायचा, तेव्हा कोणी चकार शब्द काढला नव्हता. मी कंट्रोलर टेबलावर आपटला. नवा घेतल्यावर दादाने मला दिलेला त्याचा जुना. वार करायचं बटण पार गुळगुळीत झालेलं. "हा मला परवा मिळाला, दादा. बटण कोणाच्या अंगठ्याने झिजलं?" वर केलेल्या हाताचा अंगठा दादाने मुठीत लपवला.