पाहुणी

१९८३च्या हिवाळ्यात व्हाकोआ गावातल्या एका घरात सासूबाईंची काही ना काही वस्तू रोज हरवायची आणि नाव सुनेचं, कामिनीचं यायचं. बांगड्या, चष्मा, एकदा तर देव्हाऱ्यातली घंटीसुद्धा. मोका गावच्या कचेरीतून दमून आलेली कामिनी उलट बोलायची नाही, मुकाट्याने शोधून द्यायची. एका संध्याकाळी मात्र सासूबाईंनी दारातच तिचा हात धरला. “ये बाय, बस. किती दमलीस.” त्यांनी तिला व्हॅनिलाचा चहा दिला, गरम फराटा, म्हणजे तिकडचा पराठा, वाढला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच या घरात कुणी तिला बसवून वाढत होतं. कामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, “आमची सून चोरटी आहे गं. तू पर्स सांभाळ.” घास तिच्या तोंडातच राहिला. इतक्यात तिचा नवरा सत्यदेव आला. “सत्या, या पोरीला बसपर्यंत सोडून ये,” आई त्याला म्हणाली, “हिच्या घरचे वाट बघत असतील.” तो हसला. कामिनीने ताट सारलं आणि पुन्हा चपला घातल्या. “येते हं, मावशी,” ती सासूबाईंना म्हणाली. बसथांब्यापर्यंत दोघं चालत गेले. “म्हातारपणी विसरतात माणसं,” तो म्हणाला. “हे नुसतं विसरणं नाही,” कामिनी म्हणाली, “ आईंना आजार आहे. मी इतके दिवस स्वभावच समजत होते. उद्या रजा काढा, डॉक्टरकडे नेऊ.” समोर बस येऊन थांबली. कामिनीने ड्रायव्हरला हातानेच जा म्हटलं आणि दोघं घराकडे वळले.