गाडीतली टकटक

हेमांगी साताऱ्याच्या नव्या नोकरीवर रुजू व्हायला निघाली, की बटण दाबताच गाडीतून नुसती टकटक यायची. बाजारात जाताना मात्र गाडी मुकाट सुरू व्हायची. तिसऱ्या दिवशी तिला संशय आला आणि तिने मेकॅनिक नसरीनला बोलावलं.

"बॅटरी ठीक आहे," नसरीन म्हणाली. "ताई, तुम्ही कुठे निघालात हे गाडी ओळखते आणि घरच्यांना विचारते. नकार आला की इंजिनाला वीज देणारा स्विच, म्हणजे रिले, सुटतो. त्याचाच हा आवाज."

"नकार कोणी दिला?"

नसरीनने दारात उभ्या असलेल्या हेमांगीच्या नवऱ्याकडे पाहिलं.

"घाट धोक्याचा आहे गं. काळजी वाटते," श्रीरंग म्हणाला.

"यांचं नाव काढून टाक, नसरीन."

"त्याला त्यांचीच परवानगी लागते, ताई."

हेमांगी गाडीतून उतरली.

"परत कधी येशील?" श्रीरंगने विचारलं.

"ते गाडीला विचार," म्हणत ती एसटी स्टँडकडे चालू लागली.