आठ पदव्या

तिसरं खोकं तळापर्यंत उपसून झालं, तरी यादीचा कागद मिळाला नाही. ओझेला पेटवेने हातांची धूळ स्कर्टला पुसली.

"मिस ओझेला, सोडा आता," रोशेल म्हणाली. ती माजी विद्यार्थी संघाची अध्यक्ष, शाळेत ओझेलाच्याच हाताखाली शिकलेली. "शनिवारी समारंभ आहे. गेलेल्या सात जणांच्या पदव्या त्यांच्या मुलाबाळांच्या हातात देऊ."

"आणि आठवी?"

"मिस्टर ग्रेव्हलींना नकोच असेल तर काय पाया पडायचं त्यांच्या?"

"पडेन मी. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस."

पन्नास वर्षांपूर्वी कॅलोवे कॉलेजची नऊ काळी पोरं गावातल्या, काळ्यांना मज्जाव असलेल्या गोऱ्यांच्या खानावळीत जाऊन बसली होती. कॉफी मागितली, ती मिळाली डोक्यावर, उकळती. वर्तमानपत्रात फोटो आला, पण रक्ताने आणि मोहरीच्या चटणीने माखलेलं एकही तोंड ओळखू येत नव्हतं. तरी तिसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर नावांची यादी होती. अनुदान बंद करू, अशी वरून धमकी होती. प्राचार्य आपल्यातलेच, आपल्याच रंगाचे. कॉलेज वाचवायला त्यांनी पोरं विकली. पदवीला सहा आठवडे उरलेले असताना आठ जणांना हाकललं.

नववी ओझेला. तिचं नाव यादीत नव्हतं.

तिला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, पेन्शन मिळाली. थीओफिलस ग्रेव्हली वर्गात सगळ्यांत हुशार होता. तो जन्मभर लाकडाच्या गिरणीत राबला आणि आता भुशाने भरलेली फुप्फुसं घेऊन ऑक्सिजनच्या नळीवर बसला होता. आठांतला तोच एक जिवंत होता. डॉक्टरांनी नाताळापर्यंतची मुदत दिली होती. चार वर्षं ओझेला संघासाठी फुकट राबली, पत्रं लिहिली, कॉलेजवाल्यांच्या दारात बसली, ती त्याच्या हातात पदवी पडावी म्हणून.

आणि थीओ अट घालून बसला होता. कॅलोवेची जुनी पद्धत अशी, की मेळाव्यात चॅपेलमध्ये नावं पुकारली जातात. जो हयात असेल तो उठून "हजर" म्हणतो. मेलेल्याच्या वतीने त्याचं कुणीतरी म्हणतं. थीओ म्हणाला होता, "आमची आठ नावं पुकारायच्या आधी ती यादी शोधून काढा आणि देणाऱ्याचं नाव पुकारा. मग येतो."

यादी कुणी दिली हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. वसतिगृहाच्या मेट्रन, मिसेस क्रंप. पुरावा कुणी मागितला नाही. मुली किती वाजता, कुणाबरोबर बाहेर गेल्या, किती वाजता आल्या, हे त्याच लिहून ठेवायच्या. ओझेला रविवारी त्यांचे केस विंचरून द्यायची, म्हणून ती वाचली. हे ओझेलानेच आधी स्वतःशी जुळवलं आणि मग चारचौघींत सांगितलं. त्यानंतर चर्चमध्ये क्रंपबाईंच्या बाकावर कुणी बसलं नाही. वीस वर्षांनी त्या गेल्या तेव्हा शवपेटी उचलायला माणसं भाड्याने आणावी लागली. आपल्यातला एकटा थीओ खांदा द्यायला गेला. केवढं मन त्या माणसाचं, असं ओझेला तेव्हापासून म्हणत आली होती.

शुक्रवारी दुपारी ती केक घेऊन त्याच्या घरी गेली.

"केक आणलास," थीओ म्हणाला. "म्हणजे काहीतरी मागायला आलीस."

"मागायला नाही, सांगायला. आणि हे काय, दाढी केलीस? कोण बाई येणार होती?"

"नर्स येते मंगळवारी. तुझ्यापेक्षा बरी दिसते."

"तिच्याकडूनच केक करून घे मग."

तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. ओझेला खोकला थांबेपर्यंत उभी राहिली. नळीतून हवा सूं सूं करत होती. या माणसाकडे वेळ नाही, तिने मनाशी म्हटलं. मेलेल्या बाईला आता काय लागणार आहे? ना मूल, ना भाऊ. आणि खोटं तरी कुठे आहे, कागद तेवढा नाही इतकंच.

"सापडली यादी," ती म्हणाली. "मिसेस क्रंप. खाली सही आहे."

थीओने तिच्याकडे पाहिलं.

"तू पाहिलीस सही?"

"पाहिली."

"स्वतःच्या डोळ्यांनी?"

"मग कुणाच्या? तिरकं अक्षर, वसतिगृहाच्या वहीत असायचं तसंच."

"आणि उद्या चॅपेलमध्ये तिचं नाव पुकारणार."

"सर्वांत आधी. तुझी अट होती ना? रोशेलने पत्रिकेत छापूनही घेतलंय. आता येतोस ना, थीओ? गाडी पाठवते. पदवीचा झगा मी इस्त्री करून ठेवलाय."

त्याने केकचं ताट बाजूला सारलं. खुर्चीच्या हाताला धरून तो उठला आणि नळी पुरेल तेवढा खिडकीकडे गेला. पाठ तिच्याकडे होती.

"त्या बाईंचं दार मी दोनदा ठोठावलं होतं," तो म्हणाला. "दोन्ही वेळा त्यांनी मला आत घेतलं, जेवायला वाढलं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पन्नास वर्षं वाट पाहतोय, हा कागद कुणीतरी शोधून काढेल, उभं राहून वाचेल आणि मी सुटेन. तू शोधशील असं वाटलं होतं."

"शोधला म्हणते ना."

"त्यांचं नाव खोड, ओझेला. तिथे माझं घाल. प्राचार्यांनी मागितली तेव्हा आठ नावं मी लिहून दिली, पहिलं माझंच. नववं लिहायला हात उठला नाही."