उणे एकतीसचं भाकीत

शलाकाच्या यंत्राने करंजाच्या आणि शेवाळाच्या तेलाचं मिश्रण नुसतं गणितानेच तपासलं आणि सांगितलं, की उणे एकतीस अंशांपर्यंत ते गोठणार नाही. तेवढ्या शब्दावर इंधनाची पिंपं अंटार्क्टिकाच्या जहाजावर चढू लागली. इंधन किती थंडीत गोठतं, हे हल्ली कोणी प्रत्यक्ष मोजून बघत नसे.

यामिनी मात्र त्या दिवशी सगळे गेल्यावर प्रयोगशाळेत मागे राहिली. ती आणि शलाका एकाच बाकावर बसून रसायनशास्त्र शिकल्या होत्या. पण त्या यंत्राने शलाकाला देशभर नाव मिळालं आणि यामिनीचा चाचणी विभाग बंद पडला. शलाकाचं कौतुक कानावर आलं, की यामिनीच्या पोटात दुखायचं.

जुन्या शीतपेटीवरची धूळ पुसून तिने मिश्रणाचा नमुना आत ठेवला. उणे बावीसलाच तेल थिजलं. नळी आडवी केली तरी ते हललं नाही.

तिला मनापासून आनंद झाला. जाऊ दे जहाज, मग बघू हिचा तोरा, असं मनात आलं. पण अंटार्क्टिकाच्या तळावर तेल थिजून जनित्र बंद पडलं, तर तिथली माणसं गारठून मरतील. तिने फोन उचलला.

"जहाज थांबव, शलाका. तुझं भाकीत चुकलंय."

शलाकाने आधी जहाज थांबवलं, मग विचारलं, "तुला शंका कशी आली?"

"शंका नव्हती. तू चुकावीस असं वाटत होतं, म्हणून मोजलं."



"यापुढे प्रत्येक मिश्रण तूच मोज," शलाका म्हणाली. "आणि माझ्यावरचा राग मात्र सोडू नकोस."